बाई, बत्तीस होत नाहीत

तरे बाई,

शोकसभेत सगळे तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. तुम्ही असतात तर दुसऱ्या भाषणालाच "माझा तास आहे" म्हणून सटकला असतात. मुख्याध्यापकांनी तुम्हाला ज्ञानाचा झरा केलं, संस्थेच्या अध्यक्षांनी दीपस्तंभ. डस्टरवरून ज्यांच्याशी तुमचं कायम वाजायचं त्या चित्रकलेच्या सरांनी तुमचं मोठं चित्र काढून आणलं होतं. चित्रात तुम्ही गंभीर होता, त्यामुळे पटकन ओळखू येत नव्हता. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो.

मग दहावी ब मधली सायली उठली. अंबाडीहून एसटीने येणारी, आठवीत गणिताच्या तासाला जिच्या पोटात दुखायचं, ती. हातात भाषणाचा कागद होता, तो तिने उघडलाच नाही. माईकजवळ जाऊन म्हणाली, "तरे बाई होत्या म्हणून मला गणित आवडायचं. आता बाई न्हायत. आता मला गणित कधीच आवडणार न्हाय." एवढं बोलून ती रडायला लागली आणि तिच्याबरोबर सगळा हॉल रडला. मुख्याध्यापक मागे माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "बघा शेलार, याला म्हणतात शिक्षक." पण बाई, आयुष्यात ज्या एका गोष्टीला तुम्ही घाबरत होता, तीच ही पोरगी माईकवरून सांगून मोकळी झाली होती.

आपल्या दोन वर्गांमध्ये लाकडी पार्टिशन. अलीकडे माझी दहावी अ, पलीकडे तुमची दहावी ब. या शाळेत लागल्यापासून मी तुमचं गणित नुसतं ऐकत आलो, बघायला कधी मिळालं नाही. पलीकडे सदा गोंधळ. पडघ्याहून नवीन आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तक्रार करायला निघालो होतो, की शेजारच्या तुकडीवर कुणी शिक्षक नाही. दारातून डोकावलो तर तुम्ही मधल्या बाकावर पोरींच्यात दाटीवाटीने बसला होता आणि फळ्यापाशी चार पोरं एकमेकांना खोटं पाडत होती. तुम्ही मला बघून नुसती मान हलवलीत, म्हणजे जा.

तुमच्या वर्गात उत्तर सांगायची पद्धतच नव्हती. पोरं गयावया करायची. तुम्ही म्हणायचात, "आईनं भाकरी केली, आता चावून पण तिनंच द्यायची का?" घंटा झाली की उत्तर पोटात ठेवून तुम्ही निघालात. एकदा वळ गावचा रोशन तुमच्या रिक्षाच्या पुढे आडवा उभा राहिला होता. "बाई, उत्तर दिल्याबिगर गारी हलनार न्हाय." तुम्ही शांतपणे उतरलात, छत्री उघडलीत आणि नाक्यापर्यंत चालत गेलात. रिक्षावाला बिचारा कुणावर चिडावं या विचारात बसून राहिला.

माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. संभाव्य प्रश्न, पायऱ्या, प्रत्येक पायरीचा गुण. निकाल माझा चांगला लागायचा आणि मी तो स्टाफरूममध्ये तुम्हाला ऐकू जाईल असा सांगायचो. तुम्ही म्हणायचात, "तुझी पास होतात रे, माझी भांडतात." हे कौतुक की टोमणा, मला कधी कळलं नाही.

शेताचं ते गणित आठवतंय? आयताकृती शेत, लांबी दिलेली, रुंदी दिलेली, क्षेत्रफळ काढा. पाचवीच्या पोराने काढावं असं. पार्टिशनच्या पलीकडून रोशनचा आवाज आला, "बाई, रस्ता किती सोरायचा?" तुम्ही विचारलंत, कसला रस्ता? तर तो म्हणाला, "कंटेनर वलवाला जागा नको? गोदाम बांधल्यावं गारी काय डोक्यावं घ्याची?" अर्ध्या वर्गाने न विचारताच रस्ता सोडून क्षेत्रफळ काढलं होतं. कुणी एका बाजूने, कुणी दोन्ही बाजूंनी. एकाने तर वॉचमनच्या खोलीची जागाही वजा केली होती. जिथे शेत दिसलं की लोकांना गोदामच दिसतं, तिथली पोरं दुसरं काय करणार? मी अलीकडे तोंड दाबून हसत होतो. तुमचा आवाज आला, "रस्ता सोडायचा नाही. ही कागदावरची जमीन आहे, कुणाच्या बापाची नाही."

आपला खरा वाद तिथून पेटला. मला वाटलं, सापडली किल्ली. पोरांना गणित नको असतं, गोदाम हवं असतं. मग गोदामातूनच गणित द्यावं. मी लगेच माझ्या वर्गात गोदामाची गणितं सुरू केली. पत्रा किती लागेल, खोकी किती मावतील. दोन दिवस वर्ग असा जागा झाला की मलाच माझं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी जमिनीला कोबा चांगला की फरशी यावर दोन बाकांत हमरीतुमरी झाली, कुणाच्या मामाचं गोदाम पावसात कसं गळतं ते निघालं, आणि गणित बाजूला राहून गोदाम तेवढं उभं राहिलं. पार्टिशनच्या पलीकडून तुमचं हसू मला स्पष्ट ऐकू आलं.

मधल्या सुट्टीत तुम्ही डबा माझ्यापुढे सरकवलात. कोलंबीचं सुकं होतं. म्हणालात, "उपयोग सांगितला की पोर उपयोगापुरतंच शिकतं. आणि ज्याच्या बापाच्या जमिनीवर गोदाम उभं हाय त्याला तू कसला उपयोग सांगनार? त्याला गणिताची गरजच न्हाय. त्याला चटक लागली पायजे." चिडलात किंवा माया आली की तुमची गावची बोली बाहेर यायची. त्या दिवशी दोन्ही होतं. मी कोलंबी खाल्ली आणि वाद सोडला नाही.

आणि ते लोडशेडिंग. आपल्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचे कारखाने, दिवसभर लूमची खटखट. नव्या शिक्षकाचा घसा पहिल्या महिन्यातच बसतो. लाईट गेली की अख्खी भिवंडी शिव्या द्यायची. मालक, कामगार, आपले मुख्याध्यापक, सगळे. खूश फक्त तुम्ही. लूम थांबल्या की अशी शांतता व्हायची की मागच्या बाकावर कंपास उघडला तरी कळायचं. तुम्ही लगेच स्टाफरूमच्या दारात हजर. "ब वर कुणाचा तास आहे? मला द्या, शनिवारी परत करते." सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही त्या शांततेसाठी राखून ठेवायचात. वही नाही, फळा नाही, नुसता विचार. ज्यांचे बाप कारखान्यात होते ती पोरं तुम्हाला सकाळीच सांगून ठेवायची, आज लाईट कधी जाणार. ही तुकडी नववीत असताना एकदा तापाने फणफणलेला शमीम शाळेत आला म्हणून मी त्याला घरी धाडायला लागलो, तर म्हणाला, "सर, लाईट जाने के बाद बाई का सवाल मिस हो गया तो दोस्त लोग बताते नहीं. दिनभर दिमाग में खुजली होती है." पुढे वीज खासगी कंपनीकडे गेली, लूम थांबायच्या कमी झाल्या. गावाला बरं वाटलं आणि तुम्ही माझ्यापाशी कुरकुर केलीत.

एवढं ऐकून-बघूनही माझी शंका गेली नाही. भाचीच्या लग्नासाठी तुम्ही रजेवर गेलात तेव्हा ब तुकडी माझ्याकडे होती. तुमच्या त्या भांडकुदळ वर्गाने आठवडाभर गणिताला हात लावला नाही. "बाई आल्या की करू," एवढंच. तुम्ही परत आलात तेव्हा स्टाफरूममध्ये मी स्पष्टच बोललो. "बाई, ही पोरं गणितावर नाही, तुमच्यावर जीव लावून बसली आहेत. तुम्ही नसलात की त्यांचं गणित बंद." तुम्ही हसलात. "मग तर मना मरूनच बघाया लागंल," म्हणालात, आणि आम्ही सगळेच हसलो. घंटा झाली. तुम्ही खडूची पेटी घेऊन दारापर्यंत गेलात आणि थांबलात.

"शेलार, तू म्हणतोस ते खरं असलं तर मी एवढी वर्षं गणित शिकवलंच न्हाय रे. मी नुसती आवडले."

बोललो त्याचा पश्चात्ताप मला तेव्हाही नव्हता, आताही नाही. मला खरंच तसं वाटत होतं आणि तुमच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती. पण त्या दिवसापासून तुम्ही ते वाक्य सोडलं नाहीत. वर्गातून बाहेर येताना कधी कधी मला विचारायचात, "आज कुणासाठी केलं रे त्यांनी, माझ्यासाठी की गणितासाठी?" मी थट्टेवारी न्यायचो. तुम्ही मात्र थट्टा करत नव्हता.

दिवाळीनंतर तुमचं दुखणं निघालं. ठाण्याच्या हॉस्पिटलबद्दल मी काही लिहिणार नाही, तुम्हाला ते नको होतं. घरी आणल्यावर एका रविवारी मी ब मधली पोरं घेऊन आलो. तुमच्या बहिणीने सगळ्यांना सरबत दिलं. खाटेभोवती पोरं अवघडून उभी होती. तुम्हीच बहिणीला वाटी मागितलीत, कागदावर उपडी ठेवलीत आणि तिच्या कडेने वर्तुळ काढलंत. वर्तुळ बरं आलं.

कडेवर दोन टिंबं दिलीत, रेघेने जोडलीत. वर्तुळाचे भाग दोन. तीन टिंबं, प्रत्येक टिंब प्रत्येकाशी जोडलं, भाग चार. चार टिंबांचे आठ. पाचाचे सायलीने मोजले, सोळा. "आनि सहा टिंबं घेतली तर?" तुम्ही विचारलंत. सगळे एका सुरात ओरडले, "बत्तीस!" रोशन म्हणाला, "वर्तुल काराची काय गरज हाय बाई, दुप्पट होतंय." तुम्ही त्यांच्याकडे एकेक करून बघितलंत आणि म्हणालात, "बरं." मग डोळे मिटलेत. बहिणीने मला खूण केली आणि आम्ही निघालो. पुढच्या रविवारी परत येऊ, असं पोरं दारातून सांगून आली होती. त्या रविवारपर्यंत तुम्ही थांबला नाहीत.

"सुटल्या," असं जो तो म्हणत होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. सुटायला तुम्ही काय शाळा होता? पण तुमच्या बहिणीने शेवटचे आठ-दहा दिवस कसे गेले ते सांगितलं, आणि मग मीही तेच म्हणालो. खरं सांगतो बाई, तुमचं दुखणं संपलं याचा मला आनंद झाला. आनंद हाच शब्द आहे, दुसरा शोधत बसणार नाही.

माझी सुटका मात्र झाली नव्हती. शोकसभेनंतर दोन्ही तुकड्या माझ्याकडे आल्या. परीक्षा तोंडावर. ब मध्ये पाऊल टाकलं तर वर्ग चिडीचूप. मी पायऱ्या लिहिल्या, त्यांनी उतरवल्या. शंका विचारा म्हटलं, कुणाला शंका नाही. इतकी वर्षं मी देवाकडे असाच वर्ग मागत होतो, आणि मिळाला तेव्हा मला तो बघवेना. सायली वही उघडायची आणि खिडकीबाहेर बघायची. शमीम दोन दिवस आलाच नाही. रोशन म्हणाला, "सर, पास होन्यापुरतं सांगा, बास झालं." शेवटी मीही ते वाक्य बोललो जे अशा वेळी सगळे बोलतात: बाईंसाठी तरी अभ्यास करा. सायलीचे डोळे भरले. तिने मान खाली घातली आणि मी सांगितलेलं गणित मुकाट्याने सोडवलं. तुमच्यासाठी. मी तिथेच थांबलो. तुमच्या भीतीला मीच खतपाणी घालत होतो. त्यानंतर मी वर्गात तुमचं नाव काढलं नाही.

आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

परवा मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून मला ब वर जायला उशीर झाला. जिन्यातच आरडाओरडा ऐकू आला. मला वाटलं मारामारी, म्हणून धावलो. मारामारीच होती, पण फळ्यावर. फळा वर्तुळांनी भरलेला, बाकांवर वर्तुळं, एकाने तर खिडकीच्या धुळीत काढलेलं. रोशन कंपास परजत ओरडत होता, "तीस! तीन खेपा मोजले, तीस!" आणि सायली त्याच्या वरताण, "एकतीस! तुझं चुकतंय."

"तुझं वर्तुल वाकरं हाय."

"वर्तुळ न्हाय रे, तुझ्या टिंबांचा घोळ हाय. सारख्या अंतरावर घेतलीस म्हणून मधल्या तीन रेघा एकाच जागी घुसल्यात. एक टिंब सरकव जरा."

रोशन हलेना. शमीमने उठून त्याच्या वर्तुळावरचं एक टिंब पुसलं, बोटभर बाजूला दिलं आणि रेघा पुन्हा ओढल्या. जिथे तिन्ही रेघा एकमेकींना छेदत होत्या तिथे आता एक बारकासा त्रिकोण उघडला. "ये देख," तो म्हणाला, "बीच में एक और निकला." रोशनने वाकून तो त्रिकोण बघितला, मग सगळे भाग पहिल्यापासून मोजले. एकतीस. वर्ग एवढ्या जोरात ओरडला की शेजारून माझी अ तुकडी पार्टिशनवर धपाधप हात मारायला लागली.

सायलीला मी विचारलं, हे सुरू कुठून झालं? ती म्हणाली, एसटीत बसल्या बसल्या तुमची आठवण आली म्हणून तिने ते वर्तुळ काढलं होतं. सहावं टिंब देऊन बत्तीस भाग पुरे करायचे आणि तो कागद जपून ठेवायचा, एवढंच तिच्या मनात होतं. पण मोजले तर एकतीस. पुन्हा काढलं, पुन्हा एकतीस. "मग सर, मला दुसरं काय सुचंचना. भिवंडी आली ते पण कळलं न्हाय, कंडक्टरनं उतरवलं." हे सांगताना ती हसत होती. आणि मग सगळ्या वर्गादेखत म्हणाली, "सर, बाईंचं चुकलं. आम्ही बत्तीस बोललो आणि बाई पण बरं बोलल्या. दुप्पट होतच न्हाय."

तुमचं नाव निघालं, तुमचं चुकलं असं निघालं, आणि कुणी रडलं नाही. कुणी गप्पसुद्धा झालं नाही. रोशन "मग सोळापर्यंत का होतं?" म्हणून शमीमच्या मानगुटीवर बसला होता. तिथे त्या घटकेला तुमची कुणालाच आठवण नव्हती, बाई, आणि मला तुमची अशी आठवण आली की डोळे पुसायला मी फळ्याकडे तोंड केलं. पोरांना वाटलं मी भाग मोजतोय.

आपल्या वादात तुम्ही जिंकलात असं मात्र समजू नका. गोदामाची गणितं मी पुढच्या वर्षीही देणार आहे, फक्त कोबा आणि फरशी वगळून. पण स्टाफरूमच्या दारात तुम्ही जे बोलला होतात त्याचं उत्तर आता माझ्यापाशी आहे: तुम्ही नुसत्या आवडल्या नव्हतात. तुम्ही शिकवलंत. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. काल घरी जेवताना बायको म्हणाली, आज बऱ्याच दिवसांनी तुमचं जेवणात लक्ष आहे.

एक गोष्ट तेवढी राहून गेली. मलाही बत्तीसच वाटले होते. मी काही काढून बघितलं नव्हतं. पण ते तुमचं "बरं" माझ्या डोक्यातून जात नाही. काढून न बघितलेलं उत्तर तुम्ही कधी कुणाला पचू दिलं नाहीत. मग त्या दिवशी तुम्ही थकला होता, की तुम्हाला ठाऊक होतं? विचारायला हवं होतं. आता पोरं म्हणतात बाईंचं चुकलं, आणि मी ते तसंच राहू दिलंय. तुम्हाला राग येणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

परवा तास संपल्याची घंटा झाली तरी वर्गातून कुणी हललं नाही. "सर, पण असं का होतं?" सायलीने विचारलं. मी म्हणालो, मला येत नाही. इतक्या वर्षांत हे वाक्य मी वर्गात पहिल्यांदाच बोललो असेन. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, त्यांना भलताच आनंद झाला. सात टिंबं घेऊन बघू या, असं म्हणून मी फळा पुसला आणि नवं वर्तुळ काढायला लागलो. मागून सायलीचा आवाज आला, "सर, जरा बाजूला व्हा. दिसत न्हाय."

मी बाजूला झालो, बाई.